ज्ञान येते कोठून? गोव्याच्या एका वैद्याची साक्ष

मनुष्याला ज्ञान कशाने होते, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा म्हणून आपण सहसा बाजूस सारतो. वास्तविक तो जितका तत्त्वज्ञाचा, तितकाच वैद्याचा, शेतकऱ्याचा आणि शाळेत बसणाऱ्या मुलाचा आहे. आपल्याकडे नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी त्यांपैकी प्रत्यक्ष तेवढे प्रमाण धरले. युरोपात जॉन लॉक या इंग्रज पंडिताने १६८९ सालच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मन जन्मतः कोऱ्या कागदासारखे असते. त्यावर जे उमटते ते अनुभवानेच उमटते. इंद्रियांनी बाहेरचे जग कळते, आणि मन आपल्याच व्यापारांकडे पाहू लागले म्हणजे आतले कळते. याहून तिसरे द्वार नाही. या मतास अनुभववाद असे नाव आहे.

लॉक हा वैद्यकशास्त्र शिकलेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यास पोथीतील वचन आणि समोरची नाडी यांत विरोध दिसला, तर कोणाचे ऐकावे हे ठरवावेच लागते. लॉकच्या ग्रंथापूर्वी सव्वाशे वर्षे असाच एक वैद्य आपल्या कोंकणपट्टीत होऊन गेला. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता.

ऑर्ता १५३४ साली पोर्तुगालहून गोव्यास आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि तिजबरोबर आमची साष्टीही त्यांच्या अमलाखाली गेली. पुढे मुंबई बेट ऑर्ताकडे खंडाने होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणे-येणे असे व तेथील हकिमांशी तो वाद करी. सुमारे तीस वर्षांच्या या निरीक्षणाचे फळ म्हणजे १५६३ साली गोव्यात छापलेला, हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील त्याचा पोर्तुगीज ग्रंथ होय.

हा ग्रंथ संवादरूप आहे. नुकताच बोटीने उतरलेला रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान ग्रीक व रोमन ग्रंथकारांची वचने पुढे करतो, आणि ऑर्ता त्यास आपण स्वतः काय पाहिले ते सांगतो. पिंपळी आणि काळी मिरी एकाच झाडाची, असे प्राचीन ग्रंथांत होते. ऑर्ताने त्या निरनिराळ्या वनस्पती असल्याचे सांगितले. पटकीचे वर्णन करताना त्याने इकडील लोकांचा शब्द नोंदला. तो आपला मोडशी हाच शब्द. पोर्तुगीजांच्या जिभेवर त्याचे रूप मात्र बिघडले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, डोळे उघडे ठेवले म्हणजे झाले. तसे नाही. पांढरी मिरी आणि काळी मिरी यांची झाडे वेगळी, असेही ऑर्ताने लिहून ठेवले, आणि ते चुकीचे होते. एकाच वेलीचे ते फळ. पिकल्यावर साल काढले की पांढरे. अनुभवही फसवतो. मग त्याचे श्रेष्ठत्व कशात? त्याचे श्रेष्ठत्व इतकेच की, अनुभवाची चूक दुसऱ्या अनुभवाने सुधारता येते. जे वचन तपासण्याचीच बंदी असते, त्याची चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

आणखी एक गोष्ट. ऑर्ताने सर्वच काही स्वतः पाहिले नव्हते. त्याने हकिमांना विचारले, व्यापाऱ्यांना विचारले. मालुपा नावाचा हिंदू वैद्य आणि घरातील अंतोनिया ही दासी यांनाही त्याच्या ग्रंथात बोलावयास जागा आहे. आपल्या न्यायभाष्यात वात्स्यायनाने म्हटले आहे की, ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आणि जो ती यथार्थ सांगू इच्छितो तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो. ऑर्ताने हे भाष्य वाचले असण्याचा संभव नाही, परंतु तो वागला त्याप्रमाणेच. ज्ञानास कुळ विचारू नये, पुरावा विचारावा, हाच दोहोंचा अर्थ.

हे उदाहरण दूरचे वाटत असेल तर आमच्या भाईंदरची मिठागरे पाहा. उधाणाचे खाडीचे पाणी आत घ्यावे, वाफ्यावाफ्यांतून उन्हावाऱ्याने आटवावे, आणि मीठ धरू लागले की ओळखावे. हे ज्ञान कोणत्या पोथीतून आले? पिढ्यान्‌पिढ्या पाहून, चुकून आणि सुधारून ते आले. डेव्हिड ह्यूम याने आपल्या ग्रंथात दाखविले की, कारणामागून कार्य येणार ही आपली खात्री वारंवारच्या अनुभवाने पडलेली सवय आहे. तो ग्रंथ १७३९ साली निघाला. त्याच साली खाडीपलीकडे चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ह्यूमने जी सवय लेखणीने मांडली, ती आगरावरच्या कष्टकऱ्याच्या हातांत होतीच. नगर वाढले तशी मिठागरे मागे हटली. आगर बुजले की केवळ मीठच जात नाही, ते जाणणारी दृष्टीही जाते.

ऑर्ता १५६८ साली वारला. तो जन्माने यहुदी कुळातील होता. पुढील वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मसमीक्षणाच्या न्यायालयाने, त्याच्या बहिणीस जिवंत जाळले. आणि १५८० साली ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. परंतु तोवर क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप १५६७ सालीच प्रसिद्ध केला होता, आणि तो युरोपभर वाचला जात होता. हाडे जाळता आली. पाहिलेले सत्य जाळता आले नाही.

म्हणून श्रोतेहो, घरातील मूल जेव्हा "हे कशावरून?" असे विचारील, तेव्हा त्यास दटावू नये. त्या दोन शब्दांतच सर्व ज्ञानाचा आरंभ आहे.