बारसू रिफायनरी आंदोलन : जमावबंदी, नोटिसा आणि तडीपारी कशी चालते?

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. त्या दिवसांतील अश्रुधुराची छायाचित्रे राज्यभर पोहोचली. पण लांबलेले आंदोलन हाताळताना प्रशासनाचे बरेचसे काम त्याआधीच, कागदावर झालेले असते.

पार्श्वभूमी

हा प्रकल्प आधी याच तालुक्यातील नाणार परिसरात होणार होता. स्थानिक विरोधानंतर मार्च २०१९मध्ये तेथील भूसंपादन रद्द झाले. जानेवारी २०२२मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. मासेमारी, आंबा-काजूच्या बागा, पाणी आणि सड्यावरील कातळशिल्पे यांचे काय होणार, हा विरोधकांचा प्रश्न होता. रोजगार आणि गुंतवणूक येईल, ही समर्थकांची बाजू होती.

एप्रिल २०२३मध्ये काय झाले?

परीक्षण सुरू होण्याआधीच परिसरात जमावबंदी लागू झाली आणि आंदोलनाच्या प्रमुखांना अटक झाली. त्या वेळच्या वृत्तांनुसार सुमारे १,८०० पोलीस तैनात होते. २५ एप्रिलला महिलांनी रस्त्यावर झोपून सर्वेक्षणाच्या गाड्या अडवल्या; शंभराहून अधिक आंदोलकांना ताब्यात घेण्यात आले, त्यांत बहुतांश महिला होत्या. २८ एप्रिलला पोलिसांनी अश्रुधुराचा वापर केला. लाठीमार झाल्याचे ग्रामस्थांनी सांगितले, सरकारने ते नाकारले.

प्रशासनाच्या हाती कोणती साधने असतात?

जमावबंदी : तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू होते. १ जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ने घेतली आहे. आदेश दोन महिन्यांपर्यंत टिकतो. राज्य सरकार तो आणखी सहा महिने वाढवू शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३)खालीही सभा-मिरवणुकांना बंदी घालता येते. ती १५ दिवसांपलीकडे न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते.

प्रतिबंधात्मक अटक : दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता असल्यास पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात (पूर्वी कलम १५१, आता १७०). केवळ या आधारावर २४ तासांपेक्षा जास्त डांबता येत नाही. मात्र मोर्चाचा दिवस हातचा जायला तेवढे पुरते.

शांतता राखण्याचे बंधपत्र : शांतता भंग होईल असे वाटल्यास कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा प्रांताधिकारी, नोटीस काढून एक वर्षापर्यंतचे बंधपत्र मागू शकतात (पूर्वी कलम १०७, आता १२६). शेतकऱ्याला किंवा मच्छीमाराला तारखेसाठी तालुक्याला जावे लागते आणि दिवसाची कमाई बुडते.

तडीपारी : पोलीस अधिनियमाच्या कलम ५६खाली एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर पाठवता येते. त्याआधी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. बारसूच्या आंदोलकांनाही तडीपारीच्या नोटिसा मिळाल्या होत्या.

यातील बहुतेक साधनांना गुन्हा सिद्ध होण्याची गरज नसते. 'होण्याची शक्यता' पुरते. प्रत्येक कारवाई एकटी पाहिली तर किरकोळ वाटते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या आंदोलनात मात्र नेते कोर्टकचेरीत, गावकरी नोटिसांत अडकतात आणि जमाव आपोआप रोडावतो. म्हणूनच अनेक आंदोलनांत महिला पुढे येतात.

जैतापूरचा अनुभव

याच तालुक्यात माडबन येथील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरोधातही जमावबंदी, अटकसत्र आणि बाहेरच्या कार्यकर्त्यांना जिल्हाबंदी असे उपाय झाले होते. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेल्यानंतर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. कागदी उपायांनी राग दबतो, मिटत नाही, हे तेव्हा दिसले.

न्यायालये काय म्हणतात?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केले की, कलम १४४ वैध मतप्रदर्शन दडपण्यासाठी वापरता येणार नाही, आदेशात ठोस कारणे हवीत आणि तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. जानेवारी २०२२मध्ये जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात तडीपारीचा आदेश रद्द करताना न्यायालयाने हा अपवादात्मक उपाय असल्याचे सांगितले.

नागरिकांनी काय लक्षात ठेवावे?

आदेश लेखी असतो आणि त्याची प्रत मागता येते. त्यात कारणे, मुदत, क्षेत्र आणि अधिकाऱ्याचे नाव पाहावे. अटक झाल्यास कारण जाणून घेण्याचा, नातेवाइकांना कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. नोटिशीला उत्तर न देणे महागात पडू शकते. दिलेल्या तारखेला हजर राहून लेखी म्हणणे मांडले, तर पुढे अपिलात किंवा उच्च न्यायालयात तेच कागद कामी येतात.