मतांगीकार आणि पंगत

हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते. श्रीरामपूरच्या रस्त्याला माणसांची रीघ लागते. त्यात ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. आमचं घर अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्यामुळे यात्रा जवळ आली की ओसरीवर वाद ठरलेला. आजीला जायचं असायचं. आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर ‘मास्तर’ म्हणायचं, ते म्हणत, “मरियेला नवस बोलणं आपल्या शिकवणुकीत बसत नाही.” आजी पदर खोचत म्हणायची, “नवस कोण बोलतंय? प्रभूच्या आईला सलाम करून येते.” आणि जायची.

मास्तर वडाळा मिशनच्या शाळेत शिकवत आणि रविवारी आसपासच्या खेड्यांत उपासना चालवत. ख्रिस्ती कुणाला म्हणायचं याचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्याचं त्रैक्य. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. तो वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याच्यावरच्या विश्वासानं माणसाचं तारण होतं. यातलं एक जरी गळलं तरी मास्तरांच्या लेखी माणूस भला असेल, देवभीरू असेल, ख्रिस्ती नव्हे.

निकियाची गोष्ट ते गावच्या पंचायतीतलं भांडण सांगावं तशी सांगत. अलेक्झांड्रियात अरियस नावाचा एक याजक होता. पुत्र थोर खरा, पण तोही देवानं निर्माण केलेला, पित्यासारखा अनादी नव्हे, अशी त्याची शिकवण. लोकांना ती पटू लागली, मंडळ्या दुभंगल्या. मग सम्राट कॉन्स्टंटाइननं 325 साली निकियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली. तिथं ठरलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जाणारा विस्तारित मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ही जाहीर कबुली, आज रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मानतात.

एवढं सांगून मास्तर प्रामाणिकपणे पुढचंही सांगत. परिषद बोलावणाऱ्या सम्राटाचा तेव्हा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. तो झाला 337 साली, मरणाच्या दारात, आणि तोही अरियसची बाजू घेतलेल्या एका बिशपाच्या हातून. आजी भाकरी थापता थापता म्हणायची, “म्हणजे सभा भरवणारा स्वतः प्रभुभोजनाच्या पंगतीला बसलेलाच नव्हता.” मास्तर गप्प होत. तो मुद्दा त्यांनाही टोचत असावा.

आजीची कसोटी वेगळी होती. तिच्या आजीचा बाप्तिस्मा 1899-1900च्या दुष्काळानंतरचा. तेव्हा नगर जिल्ह्यात महारवाडे आणि मांगवाडे मंडळीत आले. “पोटासाठी बाटले,” हे वाक्य आमच्या चार पिढ्यांनी ऐकलं आहे. आजी त्यावर चिडत नसे. ती म्हणायची, “आले असतील पोटासाठी. पाऊस पडला, पीक आलं, मग परत का नाही गेले? राहिले कशासाठी, ते विचारा की.” तिच्या आजीनं सांगितलेली आठवण अशी: पहिल्या प्रभुभोजनाला दोन्ही वाड्यांतली माणसं एका खोलीत बसली, पण पेला एकमेकांच्या हातून घ्यायला तयार होईनात. पाळकसाहेब पेला हातात घेऊन तसेच उभे राहिले. कुणी तरी म्हातारी उठली, दुसऱ्या वाड्यातल्या बाईच्या हातून तिनं पेला घेतला आणि प्यायली. आजीच्या मते आमची मंडळी त्या घोटाला ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याचं पाणी त्याच्या आधीच अंगावर पडलं होतं, ते निराळं.

त्याच म्हातारीनं पाळकांना विचारलं होतं म्हणे, “माझी माय दुकाळात मेली. तिच्या कानावर प्रभूचं नावही पडलं नव्हतं. ती कुठं गेली?” या प्रश्नावरून अमेरिकेत केवढं वादळ उठलं होतं, ते मला फार पुढे वाचायला मिळालं. रॉबर्ट ह्यूम हे नगरचे मिशनरी, जन्म 1847चा आणि मुंबईचा. 1886 साली रजेवर अमेरिकेत असताना, ज्यांना ख्रिस्ताविषयी कधी ऐकायलाच मिळालं नाही त्यांना मरणानंतर ती संधी मिळू शकते, या मताला त्यांनी जाहीर अनुकूलता दाखवली. पाठवणाऱ्या बोर्डाला हे मत शुद्ध वाटेना आणि त्यांचं परत येणं अडलं. सेमिनरी उभारणारा, मराठी मायबोलीसारखी बोलणारा माणूस एका मुद्द्यावर संशयित ठरला. अखेर 1887 साली त्यांना नगरला परतू दिलं, आणि पुढेही कितीतरी वर्षं ते इथंच राबले. आपल्या मेलेल्या आईचं काय, हे ज्यांना रोज विचारलं जातं त्यांच्यात आणि बोस्टनच्या कचेरीत बसून शुद्धाशुद्ध ठरवणाऱ्यांत फरक पडणारच. मी ह्यूमसाहेबांच्या बाजूची आहे.

पण मास्तरांचं म्हणणं मी सोडूनही देत नाही. नगरात मुक्तिफौजेचं इस्पितळ आहे. बूथ हॉस्पिटल म्हटलं की रिक्षावाला थेट नेतो. मुक्तिफौज बाप्तिस्मा देत नाही, प्रभुभोजनही करत नाही. तरी तिला ख्रिस्ती म्हणायला कुणी कचरत नाही, कारण त्रैक्य, वधस्तंभ, पुनरुत्थान हे सगळं ती मानते. उलट यहोवाचे साक्षीदार दारावर येतात. ते पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घेतात, पवित्र शास्त्र घोकतात, पण पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे हे त्यांना मान्य नाही. म्हणून बहुतेक मंडळ्या त्यांना आपल्यात धरत नाहीत. ते स्वतःला मात्र ख्रिस्तीच म्हणवतात. म्हणजे विधी नसूनही एकजण आत आणि विधी असूनही दुसरा बाहेर. सतराशे वर्षांपूर्वीचा निर्णय आजही आमच्या उंबऱ्यावर असा लागू होतो, आणि ख्रिस्त कोण हा प्रश्न क्षुल्लक नाही हे मास्तरांचं म्हणणं खरं ठरतं. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे तो कोण, हे ठाऊक नको का?

याच प्रश्नाशी पंडिता रमाबाई एकट्यानं झुंजल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता शिकवलेलं सगळं त्या मुकाट मानतील, अशी तिथल्या मठातल्या भगिनींची अपेक्षा असावी. पण वेदान्त आणि व्याकरण कोळून प्यायलेली ही बाई मुकाट राहणार कशी? 1885 सालची त्यांची पत्रं वाचावीत. त्रैक्याचं सूत्र त्यांना पटत नव्हतं, ख्रिस्ताच्या देवपणाविषयी शंका होत्या, आणि त्या शंका दडवायला त्या तयार नव्हत्या. त्यांचा सूर असा, की एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, तर दुसरं लगेच का चढवून घ्यावं? अंडं घातलेला पदार्थ खाण्याला त्यांचा नकार होता. क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डाइनना यात अहंकार दिसला. मला दिसतो तो असा माणूस, की जो विश्वास स्वतःच्या नावावर घ्यायचा तो पूर्ण पारखून घेतो.

त्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं, “तू ख्रिस्ती आहेस का?”, तर त्या हो म्हणाल्या असत्या याविषयी मला शंका नाही. बाप्तिस्मा त्यांनी नाकारला नाही, ख्रिस्ताला सोडलं नाही. पुढे 1890च्या दशकात त्यांचा विश्वास पालटला, खोल झाला. वधस्तंभ त्यांना आपल्यासाठीचा वाटू लागला. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका सांभाळल्या आणि हिब्रू-ग्रीक शिकून, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवलं. 1922 साली त्या वारल्या. त्यांच्यावर मतांगीकार कुणी लादला नव्हता, त्या चालत तिथं पोचल्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना 1885 सालीच दाराबाहेर काढलं असतं, तर तोटा मराठी ख्रिस्ती मंडळीचा झाला असता.

लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम तर आजीच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तोही आग्रहानं एका हिंदी पाळकाच्या, तुकाराम नथोजींच्या, हातून. लक्ष्मीबाईंनी मात्र सोवळं सोडलं नव्हतं. पुढे राहुरीला विचार करता करता त्यांच्या मनातून जात गेली आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा 1900 सालचा, या निश्चयानंतरचा. आजी हे सांगताना खूश असायची. “आधी पंगत, मग पाणी,” ती म्हणायची. टिळकांनीही आयुष्याच्या शेवटी, 1917 साली, मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. मास्तरांना ते शेवटपर्यंत पूर्ण पटलं नाही. “दार कुठं तरी हवंच ना?” असं ते विचारत.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स आणि आमची अमेरिकन मिशनची मंडळी ज्यात होती ते युनायटेड चर्च. तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा खरा की समजत्या वयातला खरा, यावर ज्यांनी शतकानुशतकं वाद घातले, त्यांनी दोन्ही पद्धती मान्य करून एका मेजाशी बसायचं ठरवलं. मतांगीकार मात्र सगळ्यांनी कायम ठेवला. मास्तर आणि आजी दोघांचंही समाधान झालं, असा निर्णय मला आठवतो तो हा एकच.

आता दोघेही नाहीत. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळ्यांत दर रविवारी मतांगीकार खणखणीत म्हटला जातो आणि एकाच पेल्यातून सगळे पितात. पण सोयरीक जुळवायला बसलो की मुलाकडचे लोक अजून हळूच विचारतात, “मूळचे कुठल्या वाड्यातले?” माझ्या मंडळीतल्या माणसांना माझं सांगणं आहे: हा प्रश्न विचारू नका, आणि विचारला तर उत्तर देऊ नका. त्रैक्यावर शंका घेणाऱ्या रमाबाईंना मी ख्रिस्ती म्हणते. पण सगळा मतांगीकार पाठ असून हा प्रश्न विचारणाऱ्याला ख्रिस्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.