परिचारिकांची पदनामे व एक अनाम कार्य

मराठीतील रुग्णसेवेच्या शब्दांत तीन थर दिसतात. 'सुईण' हा त्यांतील सर्वांत जुना. प्रसवार्थक संस्कृत 'सू' धातूशी त्याचे नाते आहे. ज्येष्ठ सुइणीबरोबर जावे आणि पाहता पाहता शिकावे, हीच या कसबाची शाळा. शिकविणे कामातच मुरलेले असल्याने शिकविणारीला निराळे नाव लागले नाही.

दुसरा थर इंग्रजी रुग्णालयांबरोबर आला. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा निघाली, तीत उमेदवार मुलींना वॉर्डात घडविण्याचा भार सिस्टरांवर होता. आपल्याकडे १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले. परक्याची शुश्रूषा हा कुलीन स्त्रीचा व्यवसाय नव्हे, असे मानणाऱ्या समाजात हे धाडसच होते. धर्मसंघातून आलेला 'सिस्टर' हा शब्द मात्र येथे सरसकट झाला. रत्नागिरीच्या रुग्णालयात काल रुजू झालेली मुलगी आणि तीस वर्षे सेवा झालेली परिचारिका, रुग्णाच्या नातेवाइकांच्या तोंडी दोघीही 'सिस्टर'च. हाक सारखी, म्हणून अपेक्षाही सारखी.

तिसरा थर शासनव्यवहाराचा: अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, पाठ्यनिर्देशिका. यांतील पहिला शब्द विशेष चिंत्य आहे. 'अधि' हा उपसर्ग वर असणे, अधिकार असणे दाखवितो. 'अधिसेविका' म्हणजे मेट्रन, तेथे तो शोभतो. परंतु 'अधिपरिचारिका' म्हणजे स्टाफ नर्स. नुकती उत्तीर्ण झालेली मुलगी याच पदावर रुजू होते; अनुभवाच्या आधीच अधिकाराचा उपसर्ग तिच्या नावाला चिकटतो.

परिसेविका वॉर्ड सांभाळते, पाठ्यनिर्देशिका विद्यार्थिनींना शिकविते. उत्तीर्ण झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत, रात्रपाळीला नवीन मुलीच्या शेजारी उभी राहून 'श्वास बघ, आधी डॉक्टरांना बोलाव' असे सांगणारी जी असते, तिच्या त्या कार्याला या यादीत पदनाम नाही. हा काळ किती कठीण असतो, हे मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांच्या अभ्यासातून मांडले. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकीपासून निष्णात होण्याच्या पाच पायऱ्या वर्णिल्या. चरकाने परिचारकाच्या चार गुणांत उपचारज्ञता आणि दक्षता सांगितल्या आहेत. त्यांतील दक्षता केवळ पुस्तकातून येत नाही, एवढे कोणीही मान्य करील.

नाव नसले तरी काम होतच असते, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. कचेरीच्या व्यवहारात ज्याला नाव नाही, त्याला ड्युटीच्या तक्त्यात वेळही मिळत नाही. रुग्ण वाढले की प्रथम तेच सुटते, आणि त्याची झळ नवीन मुलीइतकीच खाटेवरच्या रुग्णाला लागते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये 'स्टाफ नर्स'चे 'नर्सिंग ऑफिसर' केले. प्रतिष्ठेच्या दृष्टीने ते योग्यच झाले; परंतु त्या बदलातही या कार्याला शब्द मिळाला नाही. वॉर्डातील मुलींनी आपल्यापुरती सोय केली आहे: त्या अशा ज्येष्ठ सहकारिणीला नुसते 'ताई' म्हणतात.