ड्रायव्हर बंद झाला, मग त्याच्या मेमरीचं काय? लिनक्समधली ‘डेव्हएम’ पद्धत

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. टचस्क्रीन, कॅमेरा, वायफाय यांचं कर्नलशी बोलणं होतं ते ड्रायव्हरमार्फत. सुरू होताना ड्रायव्हर कर्नलकडून बरंच काही मागून घेतो: थोडी मेमरी, उपकरणाच्या रजिस्टरांपर्यंत जाण्याची वाट, इंटरप्टची लाइन. बंद होताना हे सगळं परत करायचं असतं.

एखादं ॲप हे विसरलं तर फारसं बिघडत नाही. ॲप बंद होताच कर्नल त्याची मेमरी काढून घेतो. ड्रायव्हर मात्र कर्नलचाच भाग असतो, त्यामुळे त्याच्यामागे आवरायला कोणी नसतं. विसरलेली मेमरी फोन रीस्टार्ट होईपर्यंत अडकून पडते. त्याहून वाईट म्हणजे परत केलेली मेमरी चुकून पुन्हा वापरणं. त्यातून फोन क्रॅश होतो, आणि हॅकरला दारही मिळू शकतं.

जुने ड्रायव्हर यासाठी सी भाषेतली ‘गोटू’ची शिडी वापरतात. पाच गोष्टी मागायच्या. चौथी मिळाली नाही तर तिसरी, दुसरी, पहिली अशा उलट्या क्रमाने परत करायच्या. ड्रायव्हर बंद करणाऱ्या फंक्शनमध्ये तीच यादी पुन्हा लिहायची. पुढे कोणी मध्येच सहावी गोष्ट घातली आणि एक पायरी हुकली, तर ते पटकन लक्षातही येत नाही. कारण हा कोड काहीतरी बिघडल्यावरच चालतो.

२००७ मध्ये तेजुन हिओ यांनी लिनक्स २.६.२१ मध्ये यावर उपाय आणला. त्याचं नाव ‘डेव्हरेस’. त्यातल्या फंक्शनांची नावं ‘डेव्हएम’ने सुरू होतात, म्हणून बोलताना तेच नाव रूढ झालं. कल्पना साधी आहे. ड्रायव्हरने काही मागितलं की ते कसं परत करायचं याची नोंद कर्नल त्या उपकरणाच्या यादीत करतो. ड्रायव्हर सुटला, किंवा सुरू होतानाच अडखळला, की कर्नल यादी शेवटाकडून वाचत सगळं आवरतो. उतरंडीतली मडकी वरून काढतात, तसंच. ड्रायव्हरमधली शिडी गेली, आणि बंद करण्याचं फंक्शन अनेकदा पूर्णच गळून पडलं.

मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये मात्र गोष्ट इतकी सरळ नसते. परसिस्टंट मेमरी, म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी, घ्या. तिच्या ४ केबीच्या प्रत्येक पानासाठी कर्नल साधारण ६४ बाइटची नोंद ठेवतो. १ टीबीला या नोंदीच १६ जीबी होतात! ड्रायव्हर बंद होताना त्या काढायच्या असतात, पण त्याच वेळी एखादं पान कोणी वापरत असेल तर? म्हणून आधी नवे वापर थांबवायचे, चालू वापर संपेपर्यंत वाट पाहायची आणि मगच नोंदी काढायच्या.

हे काम ‘डेव्हएम मेमरीमॅप पेजेस’ हे फंक्शन करतं. पण त्यातलं नवे वापर थांबवण्याचं काम पूर्वी प्रत्येक ड्रायव्हरवर सोडलेलं होतं. शिवाय आवरण्याची नोंद करायलाही मेमरी लागते, आणि ती मिळाली की नाही हे तपासलंच जात नव्हतं. २०१८ च्या अखेरीस डॅन विल्यम्स यांनी दोन्ही दुरुस्त केलं. वापर थांबवणं आवरण्याच्या पायरीतच आलं, आणि नोंद करता आली नाही तर तिथल्या तिथे आवरायचं असं ठरलं.

म्हणून ‘डेव्हएम लावा आणि निश्चिंत व्हा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. डेव्हएमची मेमरी सुटते ती ड्रायव्हर उपकरणापासून वेगळा होताना. पण यूएसबी कॅमेरा उपसला तेव्हा एखाद्या ॲपने त्याची फाइल उघडीच ठेवली असेल, तर ते ॲप सुटलेल्या मेमरीपर्यंत पोचू शकतं. कोड नीटनेटका दिसतो, म्हणून ही चूक आणखी लपते. ग्राफिक्स ड्रायव्हरांसाठी डॅनियल फेटर यांनी २०२० मध्ये वेगळी व्यवस्था आणली, ती यासाठीच. तिथे आवरण्याची यादी उपकरणाला नव्हे, तर ॲपला दिसणाऱ्या ग्राफिक्स ऑब्जेक्टला बांधलेली असते. त्याचा शेवटचा वापरकर्ता फाइल बंद करेपर्यंत ती मेमरी जागची हलत नाही.