रोव्हर्स कप: १८९१ साली मुंबईत सुरू झालेली ती फुटबॉल स्पर्धा कुणासाठी होती आणि गेली कुठे?

ड्युरँड कपचं नाव आता फुटबॉल न पाहणाऱ्यांच्याही कानावर असतं. इंडियन सुपर लीगचे संघ त्यात उतरतात, सामने मोबाइलवर दिसतात, आणि ‘आशियातली सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा’ हे बिरुद प्रत्येक बातमीत येतं. पण ड्युरँडनंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, आपल्या मुंबईत सुरू झालेली अशीच एक स्पर्धा होती. तिचं नाव रोव्हर्स कप. शतकभराहून जास्त काळ तिचा दबदबा होता, आणि २०००-०१ नंतर ती पुन्हा भरलीच नाही.

ही स्पर्धा काय होती, कुणी कुणासाठी सुरू केली आणि तिच्यात भारतीय संघाला पहिला विजय मिळायला ४६ वर्षं का लागली, ते पाहू.

रोव्हर्स कप म्हणजे नेमकं काय?

ही बाद पद्धतीची स्पर्धा होती. म्हणजे एक सामना हरलात की सामान बांधायचं. बॉम्बे रोव्हर्स या क्लबच्या मंडळींनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी कप जिंकला तो वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने. नावावरूनच लक्षात येईल की हा मुंबईकरांचा संघ नव्हता, ही ब्रिटिश फौज होती. लंडनमध्ये तेव्हा व्हिक्टोरिया राणी गादीवर होती आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं कपवर गोऱ्या पलटणींचीच नावं कोरली जात होती.

‘रोव्हर्स’चा अर्थ भटके. त्या काळात इंग्लंडमध्ये क्लबांना अशी नावं देण्याची पद्धतच होती. इंग्लंडचा एफए कप सर्वात आधी जिंकणाऱ्या क्लबचं नाव ‘वाँडरर्स’, तेही भटकेच, कारण त्यांना स्वतःचं मैदान नव्हतं.

कपची कल्पना आली कुठून?

थेट इंग्लंडच्या एका शाळेतून. हॅरो या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत वसतिगृहांचे संघ एकमेकांशी भिडायचे आणि हरणारा बाहेर पडायचा. त्या शाळेत शिकलेले चार्ल्स अल्कॉक पुढे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. त्यांनी जुलै १८७१ मध्ये हीच पद्धत देशभरातल्या क्लबांसाठी सुचवली. पहिल्या वर्षी फक्त १५ क्लबांनी नावं दिली. १६ मार्च १८७२ रोजी अंतिम सामना झाला, तो लंडनमधल्या ओव्हल या क्रिकेटच्या मैदानावर, सुमारे दोन हजार प्रेक्षकांसमोर. वाँडरर्सने तो १-० असा जिंकला.

आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो हरलेला संघ. तो होता रॉयल इंजिनिअर्स, लष्करातल्या अभियंत्यांचा. १८७५ मध्ये त्यांनी हा कप जिंकलाही. इंग्लंडमध्ये फुटबॉल हळूहळू गिरणी कामगारांचा होत गेला, पण त्याआधीच तो फौजेत शिरला होता. आणि फौज जिथे जाईल तिथे चेंडू जाणारच.

लष्कराला फुटबॉल का हवा होता?

१८५७ नंतर इंग्रजांनी भारतातल्या गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवली. शतकाच्या शेवटी ती साधारण ७० हजारांच्या घरात होती. युद्ध रोज नसतं. छावणीत सकाळची कवायत झाली की दिवस मोकळा, बाहेर ऊन, आणि वय विशी-पंचविशीचं. हिवताप, दारू आणि गुप्तरोग यांनी पलटणी पोखरल्या जात होत्या आणि अधिकाऱ्यांना ती मोठी डोकेदुखी होती. फुटबॉल हा त्यावरचा स्वस्त उपाय होता. एक चेंडू, बावीस माणसं आणि बघायला आख्खी पलटण. साम्राज्याने खेळाची मोठी तात्त्विक भाषा केली खरी, पण मला तरी हे व्यवहारी कारण जास्त पटतं.

१८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला, तोही सैनिकांसाठीच. तो सुरू करणारे मॉर्टिमर ड्युरँड हे सरकारचे परराष्ट्र सचिव. अफगाणिस्तानच्या सीमेवरची ‘ड्युरँड रेषा’ यांच्याच नावाची. १८८९ मध्ये कलकत्त्यात ट्रेड्स कप आला, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स आणि १८९३ मध्ये पुन्हा कलकत्त्यात आयएफए शील्ड. पाच-सहा वर्षांत चार स्पर्धा!

यामागे रेल्वेही आहे. मुंबईहून निघालेली गाडी १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली होती. गावोगावच्या छावण्यांतले संघ एका शहरात गोळा करायचे तर गाडीशिवाय ते जमणं कठीणच.

इथे एक दुरुस्ती. रोव्हर्सला अनेक ठिकाणी ‘देशातली दुसरी सर्वात जुनी स्पर्धा’ म्हटलेलं आढळतं. ट्रेड्स कप तिच्याआधीचा आहे, त्यामुळे रोव्हर्सचा नंबर तिसरा. तसंच ड्युरँडला ‘जगातली तिसरी सर्वात जुनी’ म्हणतात, पण इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या कपांनंतर वेल्स आणि आयर्लंडचे कपही ड्युरँडच्या आधीच सुरू झाले होते. आशियात मात्र तीच सर्वात जुनी.

तेव्हाचा फुटबॉल कसा होता?

आज आपण पाहतो त्या रूपात खेळ नुकता कुठे येत होता. पेनल्टी किकचा नियम जून १८९१ मधला, म्हणजे तो आणि रोव्हर्स कप एकाच वर्षातले. रेफरीला मैदानाच्या आत जागा मिळाली तीही १८९१ मध्येच. त्याआधी दोन्ही बाजूंचे पंच भांडण सोडवायचे आणि त्यांचं जमलं नाही तर बाहेर उभ्या रेफरीला विचारायचे. गोलच्या मागे जाळी लावायची कल्पनाही तेव्हा नवीकोरी होती.

मग भारतीय खेळाडू कुठे होते?

मुंबईत तेव्हा भारतीयांना मैदानी खेळ येत नव्हते असं मुळीच नाही. रोव्हर्स सुरू होण्याच्या एक वर्ष आधी, १८९० मध्ये, पारशांच्या क्रिकेट संघाने इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला मुंबईतच हरवलं होतं. पण मुंबईतल्या भारतीयांनी जीव लावला तो क्रिकेटला. पैसा, जिमखाने, वर्तमानपत्रांतली चर्चा, सगळं तिकडे. फुटबॉल राहिला पलटणींचा.

कलकत्त्यात चित्र उलटं होतं. तिथल्या कॉलेजांतल्या मुलांनी फुटबॉल उचलला आणि १८८९ मध्ये मोहन बागान क्लब निघाला. १८९२ मध्ये शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपच्या सामन्यात ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं. आणि २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं नमवलं. त्यांच्या अकरा जणांपैकी एकाच्याच पायात बूट होते. बंगालच्या फाळणीचे घाव ताजे असताना मिळालेला तो विजय केवळ खेळाचा राहिला नाही.

मुंबईच्या कपला असा दिवस बघायला बराच वेळ लागला. १९२३ मध्ये मोहन बागानला रोव्हर्सचं निमंत्रण आलं. संघ थेट अंतिम फेरीत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असं हरवलं. त्यानंतर आणखी चौदा वर्षं गेली. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने कप जिंकला आणि रोव्हर्स जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. पुढच्या वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. म्हणजे एकदा चुकून लागलेली लॉटरी नव्हती ती.

तीन मोठ्या कपांची वर्षं शेजारी ठेवून पाहा. आयएफए शील्ड भारतीयांनी १९११ मध्ये जिंकली, रोव्हर्स १९३७ मध्ये आणि ड्युरँड १९४० मध्ये, मोहमेडन स्पोर्टिंगने. मोहमेडनने त्याच वर्षी रोव्हर्सही नेला. स्पर्धा लष्कराच्या जितकी हातात, तितका वेळ जास्त लागला, असं या आकड्यांवरून मला दिसतं. शील्ड ज्या शहरात होती तिथे लढणारे स्थानिक क्लब होते. मुंबईत ते काम बंगलोरहून आलेल्यांनी केलं.

स्वातंत्र्यानंतर काय झालं?

खरा बहर तेव्हा आला. मंत्रालयाजवळचं कूपरेज मैदान हे रोव्हर्सचं घर. (कूपर म्हणजे पिंपं बनवणारा कारागीर. त्या भागात पूर्वी पिंपांचे कारखाने होते, त्यावरून हे नाव.) १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस संघाने कप सोडलाच नाही. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. ‘मैदान’ या हिंदी सिनेमात अजय देवगणने साकारलेले प्रशिक्षक ते हेच. रहीम यांनी भारताला जे शिकवलं त्याची चुणूक मुंबईकरांनी कूपरेजवर आधीच पाहिली होती.

१९५५ मध्ये मोहन बागानने १९२३ चं उट्टं काढलं. पुढे या कपवर सर्वाधिक वेळा, तब्बल १४ वेळा, नाव कोरलं तेही त्यांनीच. मुंबईचा म्हणावा असा विजय आला १९५८ मध्ये, कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून. १९६४ चा विजेता होता बंगाल नागपूर रेल्वेचा संघ. संघ कलकत्त्याचा, पण ही रेल्वे आपल्या भागाला परकी नाही. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया या स्टेशनांवरून जाणारा मार्ग तिचाच होता.

मग ती बंद का पडली?

एका दिवसात नाही. १९७७ मध्ये फेडरेशन कप आला, १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. क्लबांना वर्षभराचं वेळापत्रक मिळालं आणि जुन्या कपांसाठी मोकळे आठवडे उरेनात. कोलकात्याचे बडे संघ हेच रोव्हर्सचं आकर्षण होतं आणि त्यांनाच आता मुंबईला येण्याची गरज राहिली नाही. मुंबईचे स्वतःचे संघ तर कंपन्यांचे आणि गिरण्यांचे. गिरण्यांचे दिवस सरले तसे त्यांचे संघही सरले. २०००-०१ मध्ये मोहन बागानने जिंकलेला कप शेवटचा.

अडचणी ड्युरँडपुढेही याच होत्या. फरक एवढाच की ड्युरँडच्या मागे लष्कर उभं होतं आणि ते मागे हटलं नाही. स्पर्धा सिमल्याहून दिल्लीला गेली, २०१९ मध्ये कोलकात्याला हलली, आणि प्रेक्षक पुन्हा मिळाले. रोव्हर्सला असा पालक नव्हता. गंमत म्हणजे पलटणींच्या पकडीतून ती आधी सुटली आणि निराधारही तीच झाली. क्रिकेटच्या राजधानीत तिच्यासाठी धावून जाणारं कुणी नव्हतं, हे मला जास्त खटकतं.

आज महाराष्ट्रात यातलं काय उरलंय?

छावणीतून आलेला खेळ काही गावांत मात्र रुजला. साकोलीहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं कामठी घ्या. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. पलटणी गेल्या, पण फुटबॉल राहिला. नागपूर जिल्ह्यात फुटबॉल म्हटलं की आजही रब्बानी क्लबचं आणि कामठीचं नाव निघतं. तिकडे कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा ओस पडतात.

आणखी एक गोष्ट उरली आहे, ती कागदावर. १९११ मध्ये बॉम्बे फुटबॉल असोसिएशन आणि रोव्हर्स कपची समिती यांच्या विलीनीकरणातून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. महाराष्ट्राच्या फुटबॉलचा कारभार आजही हीच संस्था पाहते, याच नावाने.