येळवशीची कोप

मार्गशीर्ष अमावस्येला मुरूम-उमरग्याकडची गावं ओस पडतात आणि शिवारं माणसांनी भरतात. वेळ अमावस्या, बोलीत येळवस, हा धाराशिव-लातूरचा सण. पलीकडे कर्नाटकात, बिदर-कलबुर्गीत, तो एळ्ळ अमावास्ये म्हणून होतो. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मधून हद्द गेली, सण दोन्हीकडे राहिला.

दिवसभराच्या मुक्कामासाठी शेतात कोप उभारतात. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या तिरक्या उभ्या करून शेंड्याला बांधल्या की झाली. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडून पूजा होते. मग मातीच्या बिंदगीतली आंबट आंबील, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी आणि भज्जी. तूर, वाटाणा, हरभऱ्याचे ओले दाणे चिंचेच्या कोळात, बेसन लावून शिजवलेली ही भज्जी म्हणजे अख्खं रान एका पातेल्यात! आंबील पिकांवरही शिंपडतात.

रानातला मुक्काम इतरत्र हौसेचा आणि पर्यटनाचा भाग झाला. इंग्लंडात 1901 साली सायकलस्वारांनी तंबूमुक्कामाची संघटना काढली. आज तिथल्या शेतांत पलंग-गालिच्यांचे तंबू भाड्याने मिळतात. महाराष्ट्रानेही 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. येळवशीची कोप या साऱ्याहून वेगळी आणि मोलाची. ज्याला शेत नाही, त्याला शेजारी आग्रहाने बोलावून नेतो आणि पोटभर जेवू घालतो.