गोंदियाचे तिकीट : परवडणारा प्रवास कोणी ठरवला?

१/ महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जंक्शनातून चार दिशांना रूळ जातात : नागपूर-मुंबई, रायपूर-हावडा, बालाघाट-जबलपूर आणि नागभीड-चांदा फोर्ट. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गेला आहे आणि शहराजवळ बिरसीची धावपट्टी आहे. लोहमार्ग, रस्ता आणि आकाश या तिन्ही वाटा येथे एकत्र येतात. यांतील रूळ आणि धावपट्टी सामान्य कुटुंबाच्या प्रवासासाठी बांधली गेलीच नव्हती. तरीही त्या वाटा कुटुंबांच्या कशा झाल्या, आणि कधी कधी हातून कशा निसटल्या, त्याचा हा इतिहास.

२/ प्रारंभ धान्यापासून होतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरला पोहोचला आणि तेथेच थांबला. नागपूरच्या पूर्वेला छत्तीसगडचा भाताचा विस्तीर्ण मुलूख होता. परंतु तेथील धान्य बाहेर काढायचे तर बैलगाडी आणि लमाणांचे तांडे हाच आधार होता. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने धान्य वेगाने हलविण्याची निकड सरकारला दाखवून दिली.

३/ मध्य प्रांत सरकारने नागपूर-छत्तीसगड रेल्वे हा मीटरगेज मार्ग हाती घेतला. तो टप्प्याटप्प्याने सुरू होत १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग ताब्यात घेऊन त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले. १९०० मध्ये हावड्यापर्यंतचा सलग मार्ग पूर्ण झाला. तोवर मुंबईहून कोलकात्याला जाणारी गाडी जबलपूर-अलाहाबादचा वळसा घेत असे. आता जवळचा मार्ग गोंदियातून जाऊ लागला.

४/ यानंतर आले सातपुड्याचे छोटे रूळ. अवघ्या अडीच फूट रुंदीचा नॅरोगेज मार्ग १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत उघडला गेला. १९०८ मध्ये दक्षिणेकडे नागभीडचा मार्ग सुरू झाला. डोंगराळ मुलखात अरुंद रुळांचा खर्च कमी येई. धान्य, लाकूड आणि वनोपज मुख्य मार्गापर्यंत आणणे हा या रुळांचा हेतू होता. प्रवासी हे त्या हिशेबातले दुय्यम उत्पन्न होते.

५/ दुय्यम मानलेल्या या प्रवाशाने सगळे अंदाज खोटे ठरविले. भारतीय माणूस गरीब आहे, जातिबंधनांमुळे तो परक्यांशेजारी बसणार नाही, असे भाकीत रेल्वेच्या आरंभी अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी केले होते. प्रत्यक्षात एकूण प्रवाशांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक सर्वांत खालच्या वर्गातून जाऊ लागले. यात्रा, लग्न, माहेर, मजुरी अशी प्रवासाची कारणे घरोघरी होतीच. त्यांना फक्त स्वस्त तिकिटाची वाट होती.

६/ स्वस्त तिकिटाची किंमत प्रवासी अंगाने मोजत होता. लाकडी बाके, कोंदट डबे, जागेपेक्षा कितीतरी अधिक माणसे. खालच्या वर्गाच्या डब्यांत प्रारंभी शौचालयेही नव्हती. लेकुरवाळ्या बाईला स्थानक येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या या अवस्थेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कंपन्यांचे बहुतांश प्रवासी ज्या वर्गातून जात, त्याच वर्गाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जात होते.

७/ स्वातंत्र्यानंतरही चित्र एका रात्रीत पालटले नाही. ‘तिसरा वर्ग’ हे नाव १९७४ मध्ये गेले, लाकडी बाके मात्र राहिली. पुढचे पाऊल एका मराठी माणसाने टाकले. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. लांबचा प्रवास करणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला रात्री पाठ टेकता यावी म्हणून त्यांनी शयनयानाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसविण्याचा निर्णय घेतला. वरच्या वर्गाची चैन वाढविण्यापेक्षा खालच्या वर्गाचे हाल कमी करावेत, ही त्यामागची भूमिका होती.

८/ त्याच वर्षी, २६ डिसेंबर १९७७ रोजी, मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस धावू लागली. या जलद गाडीत प्रारंभी पहिला वर्गच नव्हता. सर्वांना एकच वर्ग आणि एकच वेग. ही गाडी नागपूर-गोंदिया-रायपूर या मार्गाने जाते. दुष्काळाच्या काळात धान्यासाठी आखलेल्या वाटेवरून आता साध्या तिकिटावरचा प्रवासी देश ओलांडू लागला. पुढे मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस या गाड्याही गोंदियापर्यंत आणल्या गेल्या. तेराशेहून अधिक किलोमीटर धावूनही राज्याची हद्द न ओलांडणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आजही पंचगंगेकाठच्या माणसाला वैनगंगेच्या खोऱ्यात आणून सोडते.

९/ स्वस्त गाडीचे मोल यात्रेच्या दिवशी कळते. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा येथून भाविक सहकुटुंब येतात आणि त्यांतील अनेक जण दरेकसा या छोट्या स्थानकावर उतरतात. नवरात्रात याच मार्गावर डोंगरगडच्या बमलेश्वरीला जाणाऱ्यांची दाटी होते. अशा वेळी जलद गाडी किती वेगाने निघून जाते यापेक्षा साधी गाडी आपल्या स्थानकावर थांबते की नाही, हे महत्त्वाचे ठरते.

१०/ रस्त्याची कथा वेगळी. नागपूर-रायपूर हा जुना ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ आजच्या जिल्ह्यातील कोहमारा आणि देवरीवरून जातो. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली, तेव्हा गोंदिया त्या राज्यात नव्हतेच; ते मध्य प्रांत-वऱ्हाडात होते आणि तेथील सरकारी बससेवा स्वतंत्र होती. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे ती सेवा राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. जेथे रूळ नाहीत, तेथील बाजार, शाळा आणि दवाखाना लाल गाडीने जोडला.

११/ धावपट्टी युद्धाची. बिरसीचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी उभारला. युद्ध संपल्यावर तो दीर्घकाळ निपचित पडून होता; पुढे तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. सामान्य प्रवाशासाठी तो उघडण्याचे निमित्त ठरली २०१६ ची ‘उडान’ योजना. तासाभराच्या उड्डाणाच्या काही जागांसाठी सुमारे २५०० रुपयांची भाडेमर्यादा आणि विमानकंपनीला ठरावीक काळापुरते अर्थसाहाय्य, अशी तिची रचना होती.

१२/ १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली, आणि काही महिन्यांतच थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीने हैदराबादची सेवा पुन्हा सुरू केली. मोठ्या शहरातील रुग्णालय किंवा तिरुपतीचे दर्शन काही तासांवर येणे ही वृद्ध आई-वडिलांना घेऊन निघणाऱ्या कुटुंबासाठी लहान गोष्ट नव्हे. तथापि अर्थसाहाय्याच्या आधारावर उभा असलेला मार्ग पुढच्या हंगामातही असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

१३/ रुळांनाही हा नियम लागू आहे. जबलपूरचा उरलेला नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेजसाठी २०१५ मध्ये बंद झाला आणि रूपांतर पूर्ण होऊन गोंदिया-जबलपूर असा सलग मार्ग मिळायला २०२० चा शेवट उजाडला. आज त्यावरून उत्तर आणि दक्षिण भारत जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. देशाला सोयीचा असा हा सुमारे २३० किलोमीटरचा दुवा आहे. मात्र मधल्या काही वर्षांत वनप्रदेशातील गावांनी आपली स्वस्त गाडी गमावली होती. या प्रगतीचा खर्च त्यांनी आधी भरला.

१४/ करोनाकाळाने ही गोष्ट आकड्यांत दाखविली. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची रेल्वेसवलत थांबली. तोवर पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के सूट होती. पुढे साध्या पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ वा एक्स्प्रेस म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. किमान भाड्याच्या टप्प्यात प्रवास करणाऱ्या चार प्रौढांच्या कुटुंबाला एका फेरीसाठी ४० ऐवजी १२० रुपये पडू लागले. डबे तेच, स्थानके तीच. बदलले होते फक्त गाडीचे वर्गीकरण. जुने भाडे परत आले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये.

१५/ याच काळात एसटी उलट दिशेने गेली. २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यातील ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. रेल्वेत ज्या आजी-आजोबांची सवलत गेली, त्यांनाच रस्त्यावर ती मिळाली. म्हणून आजी, सून आणि नात एकत्र निघतात तेव्हा कोणते वाहन स्वस्त, याचे उत्तर केवळ अंतर आणि इंधन देत नाही. ते शासनाच्या आदेशातही शोधावे लागते.

१६/ धान्याचे रूळ, लाकडाचे रूळ, युद्धाची धावपट्टी : ही साधने कुटुंबांची झाली, कारण कोणीतरी भाडे आवाक्यात ठेवले, कोणीतरी फळीवर गादी बसविली, कोणीतरी छोट्या स्थानकावर थांबा मंजूर केला. जेथे असा निर्णय मागे घेतला गेला, तेथे रूळ शाबूत असूनही प्रवास महागला. गोंदियाच्या इतिहासाचा अभ्यास करताना मार्गांच्या उद्घाटनाच्या तारखा जरूर नोंदवाव्यात. त्यांच्याशेजारी त्या त्या वर्षीचे सर्वांत खालच्या वर्गाचे भाडे आणि थांब्यांची यादीही लिहावी. कोणत्या वर्षी कोणाला घराबाहेर पडता आले, हे त्या दोन रकान्यांतूनच कळते.